कैकेयी गायला घेतोयस तर

घाई करू नकोस. जाखडीत, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाचगाण्यात, नवखा शाहीर थेट कोपभवनात शिरतो, मंथरेचा चिरका आवाज काढतो, लोक हसतात, झालं! मी आधी रणातल्या रथाचा प्रसंग घेतो. आस मोडलेला, दशरथ लढण्यात गुंग, आणि कैकेयी चाकात हात घालून उभी. (वाल्मीकीत चाक नाही, बेशुद्ध राजाला ती रणातून बाहेर नेते, पण आपलं गाव चाकच ओळखतं.) तिथे ढोलकी अगदी हळू, झांज बंद. पुढे भरताला गादी आणि रामाला १४ वर्षं वनवास मागताना तोच हात पुढे कर. मांडवातल्या बायका गप्प झाल्या की समज, जमलं. समोरचा तुरेवाला, म्हणजे सवाल-जवाबातला विरुद्ध बाजूचा शाहीर, तिला 'पापीण' म्हणेलच, म्हणू दे. तिला शेवटी रडवू मात्र नकोस.