वाचक विचारतात : पासबुकावर चाललेलं राज्य

प्रश्न : सोलापुरात सेटलमेंटच्या (गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीच्या) तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यावी लागायची, बाहेर पडायला पास लागायचा, असं घरातली वडीलधारी सांगतात. वर्णभेदाच्या काळातला दक्षिण आफ्रिकेतला पास त्यातलाच का? आणि इंग्रजांचा अंमल सुटल्यावर तिथं हे वाढलं कसं?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : जन्मावरून माणसाची जागा ठरवायची आणि हलायचं म्हटलं की कागद मागायचा, इथवर दोन्ही सारखंच. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा ठरावीक जमातींना लागू होता आणि १९५२ साली तो देशभर रद्द झाला. नेमक्या त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेनं १६ वर्षांवरच्या कृष्णवर्णीयांना पासबुक (बँकेचं नव्हे, सतत जवळ बाळगायचं ओळख-परवान्याचं पुस्तक) सक्तीचं करणारा कायदा केला. त्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते, ही त्यातली गंमत.

आता इंग्रजांचं. १९१० साली त्यांनी कारभार सोपवला तो तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांकडे. बहुसंख्य जनतेकडे नव्हे. १९१३ च्या जमीन कायद्यानं कृष्णवर्णीयांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ नंतर ती १३ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे १९४८ मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन नॅशनल पार्टी हा गोऱ्यांचा पक्ष निवडून आला तेव्हा पाया तयारच होता. (या पक्षाला मतं विरोधकांपेक्षा कमी पडली होती, ग्रामीण मतदारसंघांनी जागा मिळवून दिल्या.)

पुढची रचना पायरीपायरीनं झाली. १९५० मध्ये प्रत्येकाची वंशनिहाय नोंद, त्याच वर्षी वंशानुसार वस्त्या. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघायचे, ती अडकते की पडते. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या रकान्यांत गेली. पासबुकात फोटो, कराची नोंद, मालकाची सही. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांपेक्षा जास्त राहिलं की अटक. कायमचं राहायचं तर जन्म तिथला हवा, नाहीतर एकाच मालकाकडे सलग १० वर्षं नोकरी, किंवा त्याच शहरात सलग १५ वर्षं वास्तव्य. आपल्या गिरणी कामगाराला लावून पाहा : आठव्या वर्षी कामावरून काढलं, तर पगाराबरोबर सोलापूरही सुटायचं.

प्रश्न : मग हे मोडलं कशानं? जगाच्या बहिष्कारानं?
– विजापूर रोडवरील एक वाचक

उत्तर : बहिष्काराचा वाटा होताच. भारतानं तर १९४६ सालीच व्यापार तोडला होता, आणि १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढत न खेळता सोडून दिली. पण खरी मेख आतच होती. खाणी, कारखाने आणि गोऱ्यांची स्वयंपाकघरं कृष्णवर्णीयांशिवाय चालत नव्हती, आणि कायदा म्हणत होता की ही माणसं शहरात पाहुणी आहेत. म्हणून कृष्णवर्णीयांसाठी 'होमलँड' नावाचे दहा तुकडे पाडले, त्यातल्या ट्रान्सकाईला १९७६ मध्ये 'स्वातंत्र्य' दिलं. जगानं ते मानलं नाही.

दडपशाहीनं माणसं गप्प बसली नाहीत. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये पासविरोधी जमावावर गोळीबार झाला, ६९ जण मेले. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स (डच वंशाच्या गोऱ्यांची भाषा) माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली. १९८३ च्या राज्यघटनेनं मिश्रवंशीय आणि भारतीयांना वेगळी सभागृहं देऊ केली, कृष्णवर्णीयांना काहीच नाही. फूट पाडायला काढलेली ही तोड उलट विरोधकांना एकत्र आणून गेली. १९८५ मध्ये एका अमेरिकी बँकेनं दक्षिण आफ्रिकेला दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जाचं नूतनीकरण नाकारलं आणि रँड हे तिथलं चलन कोसळलं. पुढच्याच वर्षी पास कायदे गेले.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत वर्णभेदाचा 'शेवट' १९९०, १९९१ की १९९४ लिहायचा?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : १९९४. फेब्रुवारी १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनी वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठवली, मंडेला सुटले. १९९१ मध्ये जमीन, वस्ती आणि नोंदणीचे कायदे रद्द झाले. पण नोंदणीतून सुटका झाली ती नव्यानं जन्मणाऱ्या बाळांची. आधीच्यांचे रकाने जुनी राज्यघटना असेपर्यंत तसेच राहिले. सगळ्यांनी मतदान केलं ते २७ एप्रिल १९९४ पासून.