पहिली मिटिंग शोधताना

दादा, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट. त्याची मिटिंग बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये, संध्याकाळी भरते. बाहेर मोठा बोर्ड शोधत बसू नकोस. आधी हेल्पलाइनला फोन कर, तिथे आपलेच मेंबर बोलतात. मिटिंग मराठीत आहे का आणि ओपन की क्लोज्ड, एवढं विचार. ओपनला वहिनींनाही नेता येतं. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांची, म्हणजे ज्याला दारू सोडायचीय त्याची. तेवढी इच्छा असली की झालं मेंबर. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव नाही. खर्चाच्या पैशांसाठी टोपी फिरेल, पण पहिल्या दिवशी काही टाकू नकोस. बोलायची पाळी आली तर ‘आज नुसतं ऐकतो’ म्हण, कुणी खोदून विचारत नाही.

एक गट नाही पटला तर दुसरा बघ. काही गटांत म्हातारे फार लांबण लावतात!

रोज भरपूर पीत असशील तर मात्र एकदम बंद करू नकोस, आधी डॉक्टर गाठ. फिट येऊ शकते, आणि ते मिटिंगचं काम नाही. वहिनींसाठी अल-अॅनॉन, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट, वेगळं असतं, त्याचाही पत्ता त्याच फोनवर विचारून घे.