गूगल कॅलेंडरमधून पुढच्या तीन महिन्यांतले, फक्त बदललेले इव्हेंट आणायचे आहेत. सिंक टोकनबरोबर (मागच्या वेळी कुठपर्यंत दिलं याची गूगलने दिलेली खूण) टाइममिन (या वेळेपासून पुढचेच इव्हेंट) चालत नाही, मग अपडेटेडमिन (या वेळेनंतर बदललेलेच इव्हेंट) वापरू का? आणि पुश नोटिफिकेशनचं काय?

नका वापरू. आणि टीममधलं कोणी "शेवटच्या सिंकची वेळ टेबलात ठेव, पुढच्या वेळी तिथून पुढचं माग, झालं काम" असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

तुम्हाला पुढच्या तीन महिन्यांचेच इव्हेंट हवेत, म्हणून तुम्ही टोकन सोडून वेळेकडे वळताय. त्याची गरज नाही. टाइममिन पहिल्या पूर्ण सिंकला द्या. उत्तराच्या शेवटच्या पानावर नेक्स्टसिंकटोकन, म्हणजे पुढच्या वेळचं टोकन, मिळेल. त्यानंतरच्या विनंत्यांत टाइममिन काढून टाका आणि फक्त टोकन पाठवा. सिंगलइव्हेंट्ससारखे (मालिकेतला प्रत्येक दिवस सुटा मागणारा) बाकीचे पॅरामीटर मात्र पहिल्या वेळी होते तसेच ठेवा. टाइममॅक्स, म्हणजे पुढची वेळमर्यादा, तर पहिल्या वेळीही देऊ नका. आज चौथ्या महिन्यात असलेली मीटिंग काही दिवसांनी तुमच्या तीन महिन्यांत येते, पण तिच्यात बदल काहीच झालेला नसतो, त्यामुळे टोकन ती कधीच आणून देणार नाही. पुढचं सगळं आणा आणि तीन महिन्यांची चाळणी स्वतःच्या क्वेरीत लावा.

आता अपडेटेडमिनवर मी इतकी का तापते ते सांगते.

मी आधी जिथे होते तिथे दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर होतं. डॉक्टरांची कॅलेंडरं आम्ही ओढायचो आणि रिसेप्शनच्या स्क्रीनवर दाखवायचो. सिंकचा जॉब आमच्या लीडने लिहिलेला. सगळ्या कॅलेंडरांना मिळून लास्ट सिंकचा एकच रकाना. जॉब एकेक कॅलेंडर वाचत जायचा आणि शेवटी त्या रकान्यात "आत्ताची वेळ" टाकायचा. पुढच्या फेरीला तीच वेळ अपडेटेडमिन म्हणून जायची.

एका दवाखान्यातून तक्रार आली. रद्द झालेली अपॉइंटमेंट स्क्रीनवर तशीच उभी होती. ती वेळ भरलेली दिसतेय म्हणून रिसेप्शनवरच्या ताईंनी दुखण्याने बेजार झालेल्या एका पेशंटला परत पाठवलं, आणि डॉक्टर त्या वेळेत रिकामे बसून होते. बोलणी बसली ती ताईंना. त्या फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मॅडम, मला जे दिसतं तेच मी सांगते." आमच्याकडून उत्तर गेलं की स्क्रीन रिफ्रेश केली नसेल.

मी लॉग काढला. जॉब १० वाजून ४१ मिनिटांनी सुरू झाला. त्या डॉक्टरांचं कॅलेंडर यादीत वरचं, ते लगेच वाचून झालं. १० वाजून ४२ मिनिटांनी अपॉइंटमेंट रद्द झाली. बाकीची कॅलेंडरं वाचून जॉब १० वाजून ४४ मिनिटांनी संपला आणि रकान्यात १०:४४ लिहिलं गेलं. पुढच्या फेरीने विचारलं, १०:४४ नंतर काय बदललं? १०:४२ चा बदल त्यात येणारच नव्हता. पुढच्याच काय, कुठल्याच फेरीत येणार नव्हता.

मी हे लीडला दाखवलं. "अगं, एज केस आहे. पाच मिनिटं मागे घे, होतंय की." मी म्हटलं, पाचच का? जॉब किती वेळ चालेल हे कुणाला ठाऊक आहे? दवाखाने वाढले की वाढणार. गूगलने ४२९ (विनंत्या फार झाल्या) दिला की रिट्राय थांबून थांबून होतात, तेव्हा आणखी लांबणार. त्यावर म्हणाले, "मग रात्री फुल सिंक आहेच की, सुटलेलं त्यात येतं." तेही खोटं होतं. रात्रीचा जॉब साधी यादी मागायचा आणि मिळालेलं टेबलात टाकायचा. शोडिलीटेड (रद्द झालेलेही दे) मागितलं नाही तर रद्द झालेले इव्हेंट त्या यादीत नसतात. जे यादीत नाही ते टेबलातून काढणारा कोड कुणी लिहिलाच नव्हता. म्हणजे एकदा सुटलेलं रद्दीकरण टेबलात कायमचं जिवंत.

पाच मिनिटांचं ते ठिगळ लागलंच. ताईंना कुणी फोन करून सांगितलं नाही की चूक तुमची नव्हती. मी करते म्हटलं तर "ग्राहकाला आतलं कळवायचं नसतं" असं ऐकायला मिळालं. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्या डेटामुळे समोरच्या माणसाने शिव्या खाल्ल्या असतील तर त्याला तसं स्पष्ट सांगायला हवं.

टोकन ही भानगडच मिटवतं, कारण "इथपर्यंत तुला दिलं" ही खूण सर्व्हर स्वतः करतो. तुमचं घड्याळ मधे येत नाही. टोकनने आलेल्या उत्तरात डिलीट झालेले इव्हेंट असतातच, स्टेटस कॅन्सल्ड म्हणून. तिथे शोडिलीटेड बंद करायची परवानगीच नाही, आणि ते योग्यच आहे. रद्द झाल्याची बातमी ही नव्या इव्हेंटइतकीच महत्त्वाची आहे. फक्त अशा इव्हेंटमध्ये आयडीशिवाय कशाचीही खात्री धरू नका. मालिकेतला एखादाच दिवस रद्द झाला असेल तर त्याबरोबर रिकरिंगइव्हेंटआयडी (मालिकेचा आयडी) आणि ओरिजिनलस्टार्टटाइम (त्या दिवसाची मूळ वेळ) येतात. त्यावरून नेमका तो दिवस शोधा, अख्खी मालिका उडवू नका.

टोकन प्रत्येक कॅलेंडरचं वेगळं ठेवा. ते शेवटच्या पानावरच मिळतं, त्यामुळे मधल्या पानावर जॉब पडला तर जुन्या टोकनवरून पुन्हा सुरुवात करा. इव्हेंट आणि नवं टोकन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही. टोकन आधी लिहिलं आणि इव्हेंट लिहिताना डेटाबेस कोसळला, की आमच्यासारखंच भोक पुन्हा तयार.

गूगलकडून ४१० हा एरर आला म्हणजे टोकन गेलं, पूर्ण सिंक पुन्हा. गूगल म्हणतं साठा पुसा आणि नव्याने भरा. मी थेट पुसत नाही, नव्या टेबलात भरते आणि मग अदलाबदल करते, नाहीतर तेवढा वेळ स्क्रीन रिकामी दिसते. तुमच्या स्वतःच्या नोंदी इव्हेंटच्या टेबलात असतील तर आजच बाहेर काढा, इव्हेंट आयडीला जोडून वेगळ्या ठेवा. अपडेटेडमिनला ४१० येत नाही असं कुणी म्हणालं तर तेही चूक आहे. फार जुनी वेळ दिली की तिथेही येतो.

पुश नोटिफिकेशनचं विचारलंत. ती नुसती दारावरची घंटा आहे, काय बदललं ते त्यात नसतं. घंटा वाजली की टोकन घेऊन विचारायचं. चॅनेलची (नोटिफिकेशनसाठी केलेल्या नोंदणीची) मुदत संपते आणि एखादं नोटिफिकेशन हरवूही शकतं, म्हणून अधूनमधून न वाजताही विचारा.

एक कबूल करायला हवं: वेळ जॉबच्या शेवटाऐवजी सुरुवातीची ठेवली तर वरचं भोक बुजतं. पण तरी तुमचं आणि सर्व्हरचं घड्याळ जुळतं आहे या भरवशावरच राहता. सर्व्हर आयती खूण देत असताना हा भरवसा कशाला? आणि हे सगळं गूगलचं. मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये (आउटलुक कॅलेंडर वाचायची सोय) टोकनसारखीच डेल्टालिंक असते. तिथे कॅलेंडरव्ह्यूच्या डेल्टाला तारखांची हद्द द्यावीच लागते, त्यामुळे हद्द सरकली की नवी फेरी सुरू करावी लागते. कॅलडॅव्हमध्येही (कॅलेंडरांचा खुला प्रोटोकॉल) सिंक टोकन आहे, २०१२ च्या आरएफसी ६५७८ या मानकापासून, पण प्रत्येक सर्व्हर ते देतोच असं नाही. जो देत नाही तिथे ईटॅग (इव्हेंटच्या आवृत्तीची खूण) जुळवत बसावं लागतं.

तुमचा लीड तरीही जॉब संपल्याच्या वेळेवर अडून बसला तर वाद घालू नका. जॉबमध्ये पहिलं कॅलेंडर वाचून झाल्यावर एक मिनिटाचा स्लीप टाका. त्या मिनिटात त्याच कॅलेंडरमधली एक मीटिंग त्यालाच डिलीट करायला सांगा. मग पुढची फेरी चालवा आणि टेबल त्याच्यासमोर उघडा.