चिकट बन: दोष यीस्टचा नव्हे

मडगावच्या बसस्थानकाजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांना तुम्ही रविवारी संध्याकाळी घरचे बन देता, भाजता मात्र शनिवारी रात्री. पाऊस लागल्यापासून ते आतून चिकट निघतात आणि जास्त पिकलेल्या अननसासारखा वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचताक्षणी ओळखलं. यीस्ट बदलू नका, साखरही कमी करू नका.

एक बन तोडून दोन्ही तुकडे हळू बाजूला ओढा. मधे कोळिष्टकासारखे तंतू ताणले गेले तर हा बॅसिलस गटातला जीवाणू. तो बहुधा पिठातूनच येतो, कोंड्यात जास्त, त्यामुळे पोयसारख्या कोंड्याच्या पावाला धोका अधिक. भट्टीत कवच कितीही तापलं तरी गाभा शंभर अंशांवर जात नाही, आणि याचे बीजाणू तेवढ्याला भीक घालत नाहीत. बन कोमट असतानाच पिशवीत भरून तोंड बांधलं की आत वाफ धरते, ऊब टिकते आणि रात्रभरात त्यांचं फावतं. माझीही सगळ्यात महाग चूक हीच, आणि मीही आधी यीस्टलाच दोष दिला होता.

वास आला की तो घाणा फेकायचा. परत भाजून 'चालवून' घ्यायचा नाही. 'उपाशी माणसाला काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. ज्याला रात्री शौचालयाची सोय नाही, त्याचं पोट बिघडलं तर त्यानं जायचं कुठे?

आता उपाय. किलोभर मैद्याला 25 मिली साधा व्हिनेगर, माडाचा असला तरी चालेल. आंबटपणात हा जीवाणू फोफावत नाही. बाकी पाणी 600 मिली, मीठ 18 ग्रॅम, साखर 50, तेल 50, कोरडं यीस्ट 10. पन्नास ग्रॅमचे गोळे केले तर सुमारे पस्तीस बन होतात. भाजून झाले की जाळीवर, पंख्याखाली, निदान दोन तास. तळाला हात लावून थंड लागला म्हणजे झालं असं नाही, एक तोडून गाभा बघा. आणि भाजायचं रविवारी सकाळी! फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पाव उलट लवकर वातड होतो. एकदा लागण झाली की परात, पाट, साचे घासून व्हिनेगरने पुसा आणि वाळवा. पिठाचा संशय असेल तर त्याचा एक बन ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी दीड-दोन दिवस ठेवा आणि तोडून बघा.

ओल्या खोबऱ्याचं किंवा क्रीमचं काही नेऊ नका, बाथ म्हणजे रवा-नारळाचा गोव्याचा केकसुद्धा नको. उंडे म्हणजे कडक कवचाचे गोल पावही नकोत, अनेकांचे दात गेलेले असतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. अंडं घातलं असेल तर घेणाऱ्याला आधी सांगा.

मी काही अन्नतज्ज्ञ नाही, वकील तर मुळीच नाही. पण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी असो वा नसो, दोन्हींना धरून आहे. तेव्हा गट करून नियमित वाटणार असाल तर नोंदणीचं विचारून घ्या, आणि उत्तर लेखीच मागा. एका कार्यालयात मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नाचवलं, शेवटी तोंडी 'बघू' एवढंच मिळालं.

माणशी दोनच द्या, हातात द्या, झोपलेल्याच्या उशाशी ठेवून येऊ नका. उंदीर आणि कुत्री थेट अंथरुणापर्यंत येतात. चांगले उरले तर घरी आणून कापा आणि मंद आचेवर कडक टोस्ट करा, डब्यात आठवडाभर राहतात.