आठवड्याचे १६८ तास

अनेक आशीर्वाद.

चार वर्षांच्या लेकीसाठी थेरपिस्ट शोधते आहेस, तर पहिला फोन ती जवळ नसताना कर. तिच्या रडण्या-चावण्याचा पाढा तिच्यासमोर वाचला जाऊ नये; मुलांना सगळं कळतं.

पदवी आणि नोंदणी विचारायचीच, पण ते दोन मिनिटांत उरक. मग विचार, "सध्या तुमच्याकडे पाच वर्षांखालची मुलं किती येतात?" मोठ्यांसोबत उत्तम काम करणाऱ्याला लहानग्यांचं जमेलच असं नाही. या वयाचं मूल "मला भीती वाटते" असं म्हणेलच असं नाही. ते बाहुलीला पलंगाखाली कोंडतं. 'आम्ही प्ले थेरपी करतो' एवढ्यावर समाधान मानू नकोस. कपाटभर खेळणी कोणाकडेही असतात. मूल खेळताना तुम्ही काय बघता, काय बोलता, हे उदाहरण देऊन सांगायला लाव.

सगळ्यात जास्त वेळ मात्र या प्रश्नाला दे: "यात माझं काम काय?" आठवड्याचे १६८ तास, त्यातला जेमतेम एक थेरपिस्टच्या वाट्याला. हट्ट, आदळआपट, मारणं अशा तक्रारींसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी बसवली, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. तिच्यात मुलाशी खेळतात ते आईबाबाच. थेरपिस्ट काचेपलीकडून त्यांच्या कानातल्या इअरफोनवर सांगत राहतात: आता कौतुक करा, आता प्रश्न नको. घरी रोज ५ मिनिटं तोच सराव. तुझ्या लेकीला हीच पद्धत लागेल असं नाही. पण "सोडून जा, तासाभरानं न्यायला या" यापलीकडे तुला काहीच सांगितलं जात नसेल, तर दुसरं दार ठोठाव. थेरपिस्टना लेकीला एकटीला भेटायचं असेल तर हरकत नाही, कारण मात्र विचार.

"सुरुवातीला काय काय तपासाल?" हेही विचार. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारं मूल हाका मारूनही बघत नाही, आणि हट्टी ठरतं. ऐकणं, झोप, बोलण्याची वाढ, घरातला नुकताच झालेला बदल यांची चौकशी न करता थेट उपचार सुरू करणाऱ्यापासून सावध राहा.

मग मोजमाप. 'आत्मविश्वास वाढेल' हे उद्दिष्ट नव्हे. 'शाळेच्या दारातलं रडणं २० मिनिटांवरून ५ वर' हे उद्दिष्ट. सहा-आठ सेशननंतर एकत्र बसून आढावा घ्याल का, आणि फरक नसेल तर काय बदलाल? दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची तयारी दाखवणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. खात्रीनं बरं करून देतो म्हणणारा अजिबात नाही.

फी, रद्द केलेल्या वेळेचे पैसे, शाळेशी कोण बोलणार, तिचं बोलणं तुला किती सांगितलं जाईल, हे आधीच लिहून घे.

पहिल्या भेटीत भिंतीवरची प्रमाणपत्रं बघत बसू नकोस. ती तुझ्या पदराआड लपली तर थेरपिस्ट तिला बोलतं करायला धावतात, की जमिनीवर बसून वाट बघतात, ते बघ.

आणि निघताना तिला 'बागेत जाऊ' म्हणू नकोस. "सकाळी शाळेत जाताना खूप रडू येतं ना, त्यात मदत करणाऱ्या ताईंकडे जातोय. तिथे खेळणी आहेत. सुई नाही. मी तिथेच असेन." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हण.