फोटो आडवा, क्रॉप भलतीकडेच: तुमचे अपलोडचे प्रश्न

यावेळी साइट बनवणाऱ्यांच्या प्रश्नपेटीत निम्म्याहून जास्त प्रश्न फोटो अपलोडचेच निघाले, त्यातले बरेचसे एकाच रोगाचे आहेत म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न (येवला): पैठणीच्या दुकानाची साइट करतोय. मोबाईलवर उभा काढलेला फोटो निवडताना प्रिव्ह्यूत सरळ दिसतो, पण सर्व्हरवर थंबनेल (फोटोची छोटी प्रत) बनलं की साडी आडवी! तेही सगळ्या फोटोंना होत नाही.

उत्तर: दादा, फोटो मुळात आडवाच सेव्ह झालाय. फोन उभा धरला तरी बरेच कॅमेरे पिक्सेल सेन्सरवर आले तसेच लिहितात आणि सोबत एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलीत लपलेल्या माहितीत) ओरिएंटेशनचा, म्हणजे फोटोच्या दिशेचा एक आकडा टाकतात, १ म्हणजे आहे तसं दाखवा, ३ म्हणजे उलटं आहे, ६ म्हणजे ९० अंश उजवीकडे फिरवून दाखवा. क्रोम, फायरफॉक्स, सफारी २०२० पासून हा आकडा वाचून आपणहून फोटो सरळ करतात, म्हणून प्रिव्ह्यू बरोबर. सर्व्हरवरच्या पीएचपीची जीडी (फोटोवर काम करणारी लायब्ररी) मात्र तिकडे ढुंकूनही बघत नाही, वर सेव्ह करताना एक्झिफच टाकून देते, म्हणजे नंतर शोधायलाही पुरावा उरत नाही.

आधी फिरवायचं, मग रिसाइझ, मग क्रॉप, हा क्रम मोडायचा नाही. इमेजमॅजिकमध्ये ऑटो-ओरिएंट आहे, पायथॉनच्या पिलोमध्ये एक्झिफ-ट्रान्सपोज आहे, नोडच्या शार्पमध्ये रिकामं रोटेट लिहिलं तरी काम होतं. जीडीच वापरायची असेल तर लक्षात ठेवा, तिचं इमेजरोटेट घड्याळाच्या उलट फिरवतं, म्हणून आकडा ६ असेल तर उणे ९० द्यावं लागतं, इथे भलेभले फसतात. क्रम चुकला तर क्रॉपही बिघडतो, कारण बॉक्स सरळ फोटोवर काढलेला असतो आणि कापाकापी आडव्या फोटोवर होते, पदराऐवजी दुकानाची फरशी मिळते. आणि मूळ फाइल जपून ठेवा, आधी बिघडलेले थंबनेल त्यातूनच परत बनवता येतील.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): द्राक्षांच्या पेटीवरचं लेबल क्रॉप करून सेव्ह करायचंय. बॉक्स लेबलवर असतो, पण सर्व्हरवर भलताच कोपरा कापला जातो. नेटवर वाचून डिव्हाइस पिक्सेल रेशोने (स्क्रीनचे खरे पिक्सेल आणि ब्राउझरचे पिक्सेल यांच्या प्रमाणाने) गुणलं, तरी तेच.

उत्तर: तो गुणाकार आधी काढून टाका, त्याचा इथे संबंध नाही. स्क्रीनवर तुमचा फोटो समजा ६०० पिक्सेल रुंद दिसतोय आणि खरी फाइल ४००० ची आहे. तुम्ही बॉक्स १५० वर सुरू केला, रुंदी ३००, आणि हेच आकडे सर्व्हरला पाठवले तर तो बिचारा ४००० च्या फोटोत १५० पासून ३०० कापणार, म्हणजे वरचा डावा कोपराच. खरी रुंदी भागिले दिसणारी रुंदी, म्हणजे साधारण ६.६७, याने गुणलं की सुरुवात १००० आणि रुंदी २००० येते. क्रॉपर जेएसची (ब्राउझरमध्ये क्रॉप करायच्या लायब्ररीची) पहिली आवृत्ती वापरत असाल तर गेटडेटा हे आकडे मूळ फोटोच्या मापात देतं, गेटक्रॉपबॉक्सडेटा स्क्रीनच्या मापात देतं, बहुतेक तुम्ही दुसरं घेतलंय. तरीही चुकत असेल तर बघा, सर्व्हर अपलोड होताच फोटो लहान करून ठेवतोय का, मग गुणायचं त्या लहान फोटोच्या हिशोबाने.

प्रश्न (कॉलेज रोड, क्लासचा अॅडमिशन फॉर्म): लहान फोटो जातो, मोठ्याला ४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे, ही एरर) येतं. पीएचपीची लिमिट वाढवली तरी तेच.

उत्तर: कारण रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत पोचतच नाहीये, दारातच अडतेय. एरर पेजवर खाली एनजिनएक्स (पीएचपीच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर) लिहिलेलं असेल तर त्याची क्लायंट मॅक्स बॉडी साइज, म्हणजे किती मोठी रिक्वेस्ट घ्यायची ती मर्यादा बघा, काही लिहिलं नसेल तर ती फक्त १ एमबी असते. ती वाढवली की मग पीएचपीचा नंबर, तिथे मुळात एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी. पोस्टची मर्यादा ओलांडली की बऱ्याचदा स्क्रीनवर काहीच येत नाही, पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे मिळतात आणि माणूस फॉर्ममध्ये चूक शोधत बसतो.

लिमिट नुसती वाढवत सुटू नका. ४००० बाय ३००० चा फोटो जेपेगमध्ये ४ एमबी असला तरी उघडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी मेमरी खातो, फिरवायला आणखी एक कॉपी झाली की ९६, आणि पीएचपीची मर्यादा सहसा १२८. अॅडमिशनच्या फोटोला एवढं हवंय कशाला? ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (पानावर चित्र काढायच्या जागेत) हजारेक पिक्सेलचा करून जेपेग म्हणून पाठवा, पीएनजी नको, फोटोची फाइल उलट फुगते.

प्रश्न (नाशिकरोड): आयफोनवाल्यांचे काही फोटो क्रोममध्ये उघडतच नाहीत, नावापुढे जेपीजी आहे तरी.

उत्तर: कुणीतरी नाव बदललंय, आत हाइक (HEIC) हा वेगळाच फोटो फॉरमॅट आहे. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून हा फॉरमॅट वापरतात आणि क्रोम तो दाखवत नाही. एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका, फाइलचे सुरुवातीचे बाइट तपासा आणि सर्व्हरवर जेपेग करून घ्या.

प्रश्न (सिडको): पॉपअपमध्ये क्रॉपर उघडला की फोटो एवढासा दिसतो. रद्द करून तोच फोटो परत निवडला तर काहीच होत नाही.

उत्तर: ताई, पॉपअप उघडायच्या आधीच क्रॉपर सुरू होतोय, तेव्हा डब्याची रुंदी शून्य असते. बूटस्ट्रॅप (तयार डिझाइनची लायब्ररी) असेल तर शो (पॉपअप उघडायला लागताना) नाही, शोनच्या (पूर्ण उघडल्यावरच्या) इव्हेंटवर सुरू करा. दुसरं म्हणजे तीच फाइल परत निवडली की चेंज इव्हेंट येत नाही, रद्द करताना इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा आणि जुना क्रॉपर डिस्ट्रॉय करा.