उतारावरचा ट्रॅक्टर आणि गावभरचे सल्ले

पाऊस उघडला की डोंगरकडेच्या तालुक्यांतून पत्रं सुरू होतात. गाव बदलतं, प्रश्न तेच. म्हणून या वेळी एकदमच घेतो.

काजूच्या बागेत मिनी ट्रॅक्टरला मागं गवत कापायचं यंत्र जोडलं आहे. उतारावर आडवं चालवावं की उभं? (आजरा)

उभं. आडव्या चालीत खालचं चाक जुन्या आळ्यात तीन इंच उतरलं आणि त्याच वेळी वरचं तीन इंचाच्या खुंटावर चढलं, तर काय होतं बघा. मागच्या दोन चाकांत तीन फूट अंतर असेल तर कल एका दमात नऊ-साडेनऊ अंशांनी वाढतो. गवतात ना आळं दिसतं ना खुंट, त्यामुळं आधी रान पायी फिरून या आणि खुंटांना खुणा करा. शक्य असेल तिथं कमी चढाच्या वाटेनं वर जा आणि लो गिअरमध्ये कापत खाली या. वळायचं ते सपाटीवर, यंत्र जमिनीलगत ठेवून. तुमचा ट्रॅक्टर मुळात उसाच्या सरीसाठी घेतलेला दिसतो, म्हणजे चाकं आत घेतलेली असणार. ती बाहेर काढता येत असतील तर सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्या, घरी जॅक लावून नको. हातानं ढकलायच्या यंत्राचं मात्र उलटं आहे. ते आडवंच चालवायचं, नाहीतर पाय घसरला की पात्याखाली जातो.

भरलेली ट्रॉली उतारावरून न्यूट्रलला आणली तर डिझेल वाचतं म्हणतात. खरं का? (गगनबावडा)

नाही. माथ्यावरच खालचा गिअर टाका, मध्ये क्लच दाबू नका आणि डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन्ही पेडलं खिट्टीनं जोडलेली असू द्या.

फोर व्हील ड्राइव्ह घेतला तर कुठल्याही चढाला चालतो, असं विक्रेता सांगतो. घ्यावा का? (चंदगड)

विक्रेत्यानं तो चालवून दाखवला असेल शोरूमपुढच्या डांबरावर. फोर व्हीलनं पकड वाढते, आडवं पलटी व्हायचा धोका कमी होत नाही. साधा ट्रॅक्टर जिथं घसरून तुम्हाला परत पाठवतो, तिथं हा वर नेऊन ठेवतो. आधी उतार मोजा. दहा फुटी फळीचं एक टोक उतारावर टेकवा, गवंड्याच्या लेव्हलनं फळी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहा. 2 फूट 8 इंच भरलं तर उतार 15 अंशांचा. वर बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्रांना साधारण हीच मर्यादा दिलेली असते, तीही कोरड्या रानासाठी. तुमच्या मॉडेलची मर्यादा पुस्तिकेत पाहा आणि आकडा घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कणेरीच्या किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मग पैसे मोजा.

तालीच्या चढावर ट्रॅक्टर रुतला. मागच्या चाकाला ओंडका बांधून काढतात, ते बरोबर आहे का? (पन्हाळा)

या एका प्रश्नानं माझी झोप उडते. बरोबर नाही, आणि का नाही ते नीट ऐका.

इंजिनाची ताकद कुठंतरी जाणारच. चाक फिरतंय तोवर ती चाकात जाते. ओंडक्यानं चाक अडवलंत की तीच ताकद मागच्या धुरीभोवती, म्हणजे अ‍ॅक्सलभोवती, ट्रॅक्टरचं धड फिरवते. चढावर पुढा आधीच हलका झालेला असतो, तो उचलतो आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर मागं, ड्रायव्हरच्या अंगावर. "क्लच दाबेन की," असं सगळेच म्हणतात. पुढा उचललाय हे ध्यानात येऊन पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते.

एका वाडीत असा ट्रॅक्टर मी पाहिला आहे. पुढची चाकं आभाळाकडं, आणि मागच्या चाकाला ओंडका तसाच, साखळीचा एक वेढाही सैल झालेला नाही. ड्रायव्हर बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. आता गावात सांगतात, "ओंडका बांधला होता, तरी माणूस वाचला की!" याला काय म्हणायचं?

दुसरी खोड साखळीची. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथं, अडकवतात, कारण तिथं वाकावं लागत नाही. धुरीच्या वरून ओढ लागली की त्याचाही पुढा उचलतो. साखळी खाली, ओढायच्या पट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच.

रुतला की आधी इंजिन बंद. चाकांमागची माती कोरा आणि मागं जागा मोकळी असेल तर रिव्हर्समध्ये, सावकाश, उताराच्या दिशेनं काढा. नाही निघाला तर तसाच राहू दे. जाणत्या मेकॅनिकला बोलवा, रात्रभर चिखलात राहिला म्हणून ट्रॅक्टर मरत नाही.

वर्कशॉपमधून मजबूत हूड बसवलंय. पलटी झाला तर वाचवेल ना? (भुदरगड)

हूड उन्हाचं. पलटीत वाचवते ती कंपनीची, चाचणी झालेली लोखंडी कमान, आणि ती उभी असताना लावलेला सीट बेल्ट. नुसत्या हुडाखाली बेल्ट लावून बसू नका, ट्रॅक्टरबरोबर दाबले जाल. "टनभर वजन पेलतं" म्हणणाऱ्या वर्कशॉपवाल्याकडं चाचणीचा कागद मागा, विषय बदलेल. तुमच्या मॉडेलला कमान मिळते का, हे अधिकृत विक्रेत्याला विचारा. वेल्डिंग करून धुरीला काही जोडू नका.

नातू मडगार्डवर बसायचा हट्ट करतो. सपाट रानात एखादी फेरी चालेल का? (राधानगरी)

नाही. आणि चावीही त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.